प्रवरेच्या खोऱ्यातील वाड्या आणि नकाशा

वाचकहो, भंडारदऱ्याचे धरण तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात प्रवरा नदीवर बांधलेले हे दगडी धरण १९२६ साली पुरे झाले. शेंडी गावातून निघून जलाशयाला वळसा घालू लागलात की मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे अशी गावे एकामागून एक लागतात. एका अंगाला रतनगड, तर दुसऱ्या अंगाला १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर. महाराष्ट्रात याहून उंच जागा नाही. पाऊस येथे कोसळतो तो कोसळतोच. खाचरांत भात, उतारावर नागली व वरई, रानात हिरडा. पर्यटक पाणी पाहून परततो. मी मात्र आज तुम्हाला या खोऱ्यात नेणार आहे ते नकाशासाठी.

सर्वांचा नकाशा

हल्ली वाट शोधायची तर आपण मोबाईल काढतो. त्यातले बरेच नकाशे कंपन्यांचे असतात. परंतु एक नकाशा जगभरच्या लोकांनी मिळून केलेला आहे. ओपनस्ट्रीटमॅप असे त्याचे नाव. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ साली इंग्लंडमध्ये तो सुरू केला. गावच्या विहिरीसारखेच त्याचे आहे: पाणी कोणीही भरावे, आणि गाळही सर्वांनी मिळून काढावा. २०१० साली हैती देशात मोठा भूकंप झाला तेव्हा देशोदेशीच्या स्वयंसेवकांनी थोड्याच दिवसांत पोर्ट-ओ-प्रिन्स शहराचा नकाशा तयार केला आणि मदतपथकांनी तो वापरला.

या नकाशात भर दोन तऱ्हांनी पडते. एक, जागेवर जाऊन पाहिलेली गोष्ट मांडणे. दुसरी, कोणी खुली केलेली तयार माहिती एकदम त्यात भरणे. २००७ साली नेदरलँड्समधील एका कंपनीने आपल्या देशातील रस्त्यांची माहिती या नकाशाला दान केली. तिच्याबरोबर भारत व चीनमधील मुख्य रस्तेही आले. दुसरी तऱ्हा सोपी वाटते, आणि नवखा माणूस फसतो तो नेमका येथेच.

यादीची उगवणशक्ती

कृषी महाविद्यालयाचे विद्यार्थी शेवटच्या वर्षी कार्यानुभवासाठी खेड्यात राहतात हे आपणास ठाऊक आहेच. असाच एक विद्यार्थी भाताची काढणी आटोपल्यावर माझ्याबरोबर या खोऱ्यात हिंडत होता. त्याने गावांची एक सरकारी यादी संगणकावर उतरवून घेतली होती. गावाचे नाव आणि त्यापुढे अक्षांश-रेखांश. "सर, एका रात्रीत सगळा तालुका नकाशावर चढवतो," तो मोठ्या उमेदीने म्हणाला.

मी विचारले, "घरचे सोयाबीन पेरण्याआधी काय करतोस?"

"शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे. सत्तर उगवले तर बियाणे चांगले."

"मग या यादीचेही तसेच कर. आधी या फेरीवरची गावे तपासू."

दोन दिवस आम्ही यादी आणि मोबाईल घेऊन फिरलो. काही ठिपके अगदी गावच्या पारावर पडले. काही मात्र शे-सव्वाशे मीटर सरकलेले, आणि सारे एकाच दिशेला! याचे कारण ऐकण्यासारखे आहे. आपल्याकडची जुनी सर्वेक्षणे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० साली ठरविलेल्या पृथ्वीच्या आकारमानावर बेतलेली आहेत. मोबाईलला जागा सांगणारे उपग्रह दुसरे माप धरतात. दोन कासऱ्यांनी मोजलेले शेत जुळायचे नाही, तसेच हे. ते कळले की संगणकावर गणित करून सगळे ठिपके एकदम जागेवर आणता येतात.

एक ठिपका तर पाण्यातच होता. धरणे झाली, गावठाणे वर सरकली. यादी मात्र जुन्याच जागी राहिली. आणखी गंमत म्हणजे बाहेरचे लोक ज्या बाजाराला भंडारदरा म्हणतात तो शेंडी गावचा. तो नकाशावर कोणी आधीच मांडला होता. यादी जशीच्या तशी ओतली असती तर एकाच गावाचे दोन ठिपके झाले असते.

वाडी कुठे गेली?

परंतु सर्वांत मोठी उणीव दिसली ती वाड्यांची. यादी महसुली गावांची. एका गावाखाली चार-पाच वाड्या, त्याही डोंगराच्या वेगवेगळ्या सोंडांवर, त्यांचा त्यात पत्ताच नाही. त्यातून ठाकरवाडी हे नाव तर कितीतरी गावांत सापडते.

एका वाडीत अंगणात नागली पाखडणाऱ्या आजीबाईंना आम्ही वाडीचे नाव विचारले. त्या म्हणाल्या, "सायेब, आमच्या वाडीचं नाव कागदावर न्हाई. दोन सालामागं पोराला पान लागलं, तर १०८ ची गाडी खालच्या गावात जाऊन उभी. आम्ही त्याला झोळीत घालून उतरवला. वाचला, देवाची कृपा."

विद्यार्थ्याने यादी मिटली. वाडीचे नाव आजीबाईंच्या तोंडून ऐकले तसे लिहून घेतले, जीप कुठवर येते आणि पुढे पायवाट कुठून चढते तेही नोंदले. त्या रात्री सबंध तालुका काही चढला नाही. तपासलेली गावे आणि चार वाड्या तेवढ्या चढल्या.

तुम्हाला करावयाचे असेल तर

तुमच्या घरातही शिकलेला मुलगा किंवा मुलगी असेल. त्यांना एवढे सांगा.

पहिली गोष्ट, माहिती सरकारी आहे म्हणून ती कुठेही भरण्यास मोकळी असते असे नाही. तिच्या वापराच्या अटी आधी वाचाव्यात. कंपन्यांच्या नकाशावरून नक्कल तर मुळीच करू नये.

दुसरी, भरण्यापूर्वी या नकाशावर काम करणाऱ्या इतरांना कळवावे व त्यांचे मत घ्यावे. अशा कामासाठी वेगळे खाते उघडण्याची पद्धत आहे, म्हणजे चूक निघाल्यास तेवढेच काम मागे घेता येते.

तिसरी, थोडे घ्यावे, तपासावे, मग पुढे जावे. कोणी हिंडून मांडलेले असेल त्यावर यादीतले लादू नये. अमेरिकेत २००७-०८ साली तेथील जनगणना खात्याचे देशभरचे रस्ते या नकाशात भरले गेले. नकाशा एकदम भरला खरा, परंतु कित्येक रस्ते जागेवरून सरकलेले होते, कित्येक शेतवाटा वस्तीतले रस्ते म्हणून नोंदल्या गेल्या. ती निंदणी स्वयंसेवक अजून करीत आहेत.

चौथी, घरमालकांची नावे किंवा दूरध्वनी त्यावर घालू नयेत. आणि बांधाच्या भांडणात हा नकाशा पुरावा म्हणून पुढे करू नये. त्यासाठी सातबारा आणि भूमापन कार्यालयाची मोजणी आहे.

राहता राहिले वाड्यांच्या नावांचे. ती यादीत मिळणार नाहीत, ती घरातल्या वडीलधाऱ्यांपाशी आहेत. तेव्हा पुढच्या पावसाळ्याआधी एका संध्याकाळी त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. वाडीचे नाव, तिला दुसरे नाव असल्यास तेही, गाडी पोहोचते ती शेवटची जागा, आणि ओढ्याला पूर आला की बंद होणारी वाट, एवढे लिहून काढा. नकाशावर चढविण्याचे काम मुले एका दिवसात करतील.