मंद कोण?

यंत्रानें विलंब लावला म्हणजे दोष यंत्राचा, आणि विद्यार्थ्यानें विलंब लावला म्हणजे दोष विद्यार्थ्याचा, असें मानण्याची आम्हां शिक्षकांची जुनी खोड आहे. ती मला उतारवयांत कशी उमगली, तें सांगतों.

शाळेंतून निवृत्त झाल्यावर अष्टाध्यायीवरील माझीं टिपणें संगणकावर उतरून काढावीं असें मनांत आलें. पुतण्यानें लिनक्सचा संगणक मांडून दिला व लिहिण्यासाठीं व्हिम हें साधन शिकविलें. १९७६ सालीं बिल जॉय यांनीं यूनिक्ससाठीं रचलेल्या व्हीआयचा हा वंशज. ब्राम मूलेनार यांनीं तो १९९१ मध्यें प्रसिद्ध केला. पहिले कांहीं महिने तो मला आज्ञाधारक शिष्यासारखा वाटला. पुढें मात्र एक कळ दाबावी आणि अक्षर पडद्यावर उमटेपर्यंत हात जोडून बसावें, अशी अवस्था आली. "यंत्र म्हातारें झालें, नवें घेतलें पाहिजे," असा निकाल मीं देऊन टाकला.

पुतण्या म्हणाला, "काका, तर्कसंग्रह शिकवितांना तुम्हीच अन्वय-व्यतिरेक सांगत होतां. तो येथें लावून पाहूं या."

मी ओशाळलों. जें असतांना विलंब होतो व जें काढतांच तो नाहींसा होतो, तेथें कारण शोधावयाचें, एवढीच ती गोष्ट! त्यानें प्रथम 'क्लीन' हा पर्याय देऊन, म्हणजे माझ्या सर्व आवडीनिवडी बाजूस सारून, व्हिम उघडला. यंत्र तेंच, लेखन तेंच. पण अक्षरें झरझर उमटूं लागलीं. यंत्र निर्दोष ठरलें. मग माझ्या 'व्हिमआरसी' फाइलींतील निम्म्या आज्ञा बंद केल्या, उरलेल्यांतील पुन्हां निम्म्या, असें करीत आम्ही अक्षरें रंगविणाऱ्या आज्ञेपाशीं येऊन थांबलों. 'सिंटॅक्स ऑफ' म्हणतांच विलंब गेला. शेवटीं 'सिनटाइम' ही आज्ञा चालविली. रंगकामाच्या कोणत्या नियमास किती वेळ लागला, याचा ती तक्ता देते. त्यांत सर्वांत वर होता तो मीं स्वतः लिहिलेला, सूत्रांचे अंक तांबडे करणारा नियम!

त्या नियमाचा आरंभच 'कितींही अक्षरें' असा होता. त्यांत माझा दुसरा प्रमाद असा कीं, पडद्यावर ओळ आपोआप वळते म्हणून मीं 'एन्टर'ची कळ कधीं दाबलीच नव्हती. सबंध पाद ही एकच ओळ! त्यामुळें प्रत्येक अक्षरागणिक तो बिचारा ओळीच्या शेवटापर्यंत धांवे आणि अंक शोधीत पाऊल पाऊल मागें येई. मग प्रत्येक सूत्राला स्वतंत्र ओळ दिली, नियम ओळीच्या आरंभींच्या अंकापुरता आंखडला, आणि नव्या यंत्राचा खर्च वांचला.

त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. माझ्या वर्गांत एक मुलगा होता. श्लोकाचा चौथा चरण विचारला कीं तो क्षणभर गप्प राही, ओंठ हलवी, आणि मग उत्तर देई. उत्तर सहसा चुकत नसे. परंतु त्याच्या प्रगतिपुस्तकांत मीं 'मंद' असा शेरा मारला. पुढच्या वर्षीं त्यानें संस्कृत सोडलें. आतां कळतें, तो दर वेळीं पहिल्या चरणापासून मनांतल्या मनांत म्हणत येत होता. कारण पदच्छेद न करतां, अर्थ न उलगडतां, सबंध श्लोक एका दमांत मींच त्याच्याकडून घोकून घेतला होता.

वाचकहो, फाइलींतील ओळी मला तोडतां आल्या. तो शेरा मात्र आतां खोडतां येत नाहीं.