नाणेघाटचा रांजण आणि परदेशातली पावती

तुम्ही म्हणाल, नाणेघाट कुठं आणि सिंगापूरचा विमानतळ कुठं! गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही नाणेघाटाला निघालो तेव्हा मलाही या दोन जागांचा काही संबंध असेल असं वाटलं नव्हतं. पण संध्याकाळी घरी परतेपर्यंत वन्संना आणि मला तो चांगला उमगला होता. तुमच्यापैकी कितीतरी जणी हल्ली मुलामुलींकडं किंवा सहलीबरोबर परदेशी जातात, म्हणून वाटलं, तुम्हालाही सांगावं.

वन्सं म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाई. त्यांचं सासर आंबेगाव तालुक्यात, घोडेगावजवळ. आंबेगाव हे तालुक्याचं नाव, पण मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि कचेऱ्या सगळ्या घोडेगावला. आम्ही मंचरला. माझा मुलगा नोकरीनिमित्त सिंगापूरला आहे, आणि आता आत्या भाच्याकडं पंधरा दिवस निघाली होती. जाण्यापूर्वी एकदा निवांत भेटावं, म्हणून हा नाणेघाटाचा बेत.

मंचरहून नारायणगाव, तिथून जुन्नर. नारायणगावला टोमॅटोच्या क्रेटनी भरलेल्या गाड्यांमुळं थोडा खोळंबा झाला, तेवढाच. जुन्नर सोडलं, शिवनेरी मागं पडला, की रस्ता आपटाळ्यावरून घाटघरकडं वळतो. जुन्नरहून साधारण तीस-पस्तीस किलोमीटर. पावसाळा सरतानाचे दिवस, भाताची खाचरं पोपटी, बांधाबांधावर सोनकीची पिवळी फुलं, आणि डोळ्यांसमोर जीवधन किल्ला. त्याच्या शेजारचा वानरलिंगीचा सुळका पाहून वन्सं म्हणाल्या, "हा तर कुणी मुद्दाम रोवून ठेवल्यासारखा दिसतो!"

पठार संपतं तिथं नाणेघाटाचं तोंड आहे. एका बाजूला नानाचा अंगठा, समोर एकदम कोकण. आणि वाटेच्या कडेलाच तो प्रसिद्ध दगडी रांजण. अखंड दगडातून कोरलेला, वर तोंड, आत पोकळ. सोपारा, कल्याण या बंदरांत उतरलेला माल या घाटानं वर चढायचा आणि जुन्नरवरून पैठणकडं, म्हणजे सातवाहनांच्या प्रतिष्ठानकडं जायचा. व्यापाऱ्यानं घाटमाथ्यावर आलं की जकातीची नाणी या रांजणात टाकायची, असं इकडं पिढ्यान् पिढ्या सांगतात. नाणेघाट हे नावही त्यावरूनच पडलं म्हणतात.

वन्सं रांजणात डोकावल्या. आत पावसाचं पाणी आणि चार पानं. हसून म्हणाल्या, "वहिनी, इथं टाकलेले पैसे काही परत मिळत नसतील. पण सिंगापूरला म्हणे दुकानात भरलेला कर जाताना परत देतात! खरं का हो?"

खरं आहे. पण माझ्या पोटात कालवलं, कारण मला तो मिळाला नव्हता. तिथंच रांजणाजवळच्या कातळावर बसून मी त्यांना सगळं सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही मुलाकडं गेलो होतो. ह्यांच्या निवृत्तीनिमित्त यांना एक चांगला कॅमेरा घ्यायचा, असं मी फार दिवसांपासून मनात धरलं होतं. पैसे माझे होते बरं का, शिकवणीचे, वर्षानुवर्षं साठवलेले. दुकानात गेलो. बिल झालं सहाशे चोपन्न डॉलर. त्यातले सहाशे कॅमेऱ्याचे आणि चोपन्न कराचे, कारण १ जानेवारी २०२४ पासून सिंगापुरात वस्तू व सेवा कर नऊ टक्के आहे. मुलगा म्हणाला, "आई, आत्ता माझ्या कार्डावर देतो, तू मला मग दे." विक्रेतीनं विचारलं, "प्रवासी आहात का? पासपोर्ट?" पासपोर्ट घरी, मुलाच्या खणात! हरवेल म्हणून मीच हौसेनं ठेवायला सांगितलेला. "असू दे," म्हटलं आणि बिल घेऊन बाहेर पडले.

निघायच्या दिवशी विमानतळावर पाहते तो आमच्यासारखीच माणसं एका यंत्रापुढं पासपोर्ट ठेवून कराचे पैसे परत मिळवताहेत. मी बिल पुढं केलं. खिडकीतल्या मुलीनं अगदी नम्रपणं सांगितलं, की खरेदी पासपोर्टवर नोंदलेलीच नाही. पैसे ज्यानं भरले तो इथं नोकरी करतो, त्याला ही सवलत नाही. आता इलाज नाही. त्या वेळच्या भावानं तीन हजारांवर रुपये गेले. पैशांचं वाईट वाटलंच. पण जास्त लागलं ते हे, की वस्तू माझ्या पैशांची आणि कागदावर माझं नाव कुठंच नाही. चूक दुकानाची नव्हती, मुलाची नव्हती. माझीच.

वन्सं गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "मीही हेच करणार होते." मे महिन्यात त्यांच्या मुलीचं लग्न. जावयासाठी घड्याळ घ्यायचं, दुधाच्या पैशांतून. दोन गाई त्या स्वतः सांभाळतात. "पैसे भाचा देईल, मी इकडं तुम्हाला देईन, असं ठरवलं होतं. आणि पासपोर्ट दोन्ही आमच्या ह्यांच्या कपाटात."

आता तुम्ही विचाराल, कर घेतात कशाला आणि परत देतात कशाला? ते मला माझ्या वडिलांमुळं कळलं. वडील जुन्नरला किराणा-भुसाराचे व्यापारी. त्या काळी शहरांच्या वेशीवर जकात नाके असत. मुंबईचे नाके तर १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला तेव्हाच उठले. माल शहरात विकायला न उतरता नुसता पुढं जायचा असला, तर नाक्यावर तसा पास मिळे. शिरताना घेतलेला कागद बाहेर पडताना दाखवायचा. जो माल शहरात खपलाच नाही, त्याची जकात शहरानं का घ्यावी? वडील प्रत्येक पावती तारेला ओवून ठेवत आणि म्हणत, "माल हरवला तर चालेल, पावती हरवता कामा नये." परदेशातला परतावाही याच न्यायाचा. कर हा त्या देशात वापरलेल्या वस्तूवर. तुम्ही ती न वापरता बाहेर नेली, तर वेशीवर दाखवा, कर परत घ्या. म्हणूनच हॉटेलचं भाडं, तिथं खाल्लेलं जेवण, टॅक्सीचं भाडं यांवरचा कर परत मिळत नाही. ते तिथंच संपलं ना!

बोलत बोलत आम्ही घाटाच्या नळीत उतरलो. दोन्ही बाजूंना उंच कातळ, मधून दगडी वाट, आणि वारा असा, की पदर आवरता आवरेना. थोडं उतरलं की उजेडाकडं तोंड केलेली गुहा लागते. आत बसायला कोरलेले बाक, आणि भिंतींवर ब्राह्मी लिपीतला तो मोठा लेख. सातवाहन राणी नागनिकेचा, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. कोणकोणते यज्ञ केले आणि दक्षिणेत किती गाई, किती घोडे, किती हत्ती, किती कार्षापण दिले, ते आकड्यांसकट कोरलं आहे. आपल्याकडच्या फार जुन्या अंकांसाठी विद्वान मंडळी हा लेख पाहायला येतात. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता मूर्ती गेल्या, खाली पावलांच्या खुणा आणि वर नावं उरली. त्यांत देवी नागनिका आणि राजा सातकर्णी यांची नावं शेजारी शेजारी.

वन्संनी त्या अक्षरांवरून नुसती नजर फिरवली, हात लावला नाही. म्हणाल्या, "मूर्ती गेली, पण नाव आणि हिशेब राहिला बघा."

परतताना जुन्नरची लेणीही आठवली. शिवनेरी, मानमोडी, तुळजा, लेण्याद्री अशी दोनशेहून अधिक कोरीव कामं या एका गावाभोवती आहेत. त्यांतल्या काही शिलालेखांत दाते म्हणून यवनांची, म्हणजे परदेशी माणसांची नावं आहेत. कुणी इरिल, त्यानं पाण्याची दोन टाकी दिली. कुणी चिट, त्यानं भोजनमंडप दिला. एकेकाळी परदेशी पाहुणे आपल्या जुन्नरला येत. आज जुन्नर-आंबेगावची आपण माणसं त्यांच्या गावी पाहुणी होऊन जातो. मग पाहुण्यांचे नियम माहीत असायला नकोत?

जेवायला बसलो. डब्यात मासवड्या, बाजरीची भाकरी आणि ठेचा. मी वन्संना जे सांगितलं, तेच तुम्हाला सांगते.

पहिली गोष्ट, पासपोर्ट स्वतःच्या पर्समध्ये. सिंगापुरात दुकानदाराला मूळ पासपोर्ट दाखवून खरेदी नोंदवावी लागते, आणि ती नोंद त्याच वेळी झाली पाहिजे. दुसरी, पैसे स्वतः द्या. मुलाकडून हवे तर आधी मागून घ्या, पण खरेदी तुमची असू द्या. तिसरी, रक्कम. सिंगापुरात करासह किमान शंभर डॉलरची खरेदी लागते. एकाच दुकानातल्या एकाच दिवसाच्या तीन पावत्यांपर्यंत बेरीज चालते. खरेदीपासून दोन महिन्यांच्या आत वस्तू घेऊन विमानानं बाहेर पडायचं. चौथी, आणि इथं पुष्कळ जणी फसतात: वस्तू मोठ्या बॅगेत घालून ती बॅग विमान कंपनीच्या हवाली करण्याआधी परताव्याचं काम करा. कस्टमवाल्यांनी "दाखवा" म्हटलं तर हातात असायला हवी. पाचवी, विमानतळावर तास-दीड तास लवकर जा, रांग असते. आणि सगळाच कर मिळतो असं नाही, हाताळणीचा खर्च कापून घेतात.

देशोदेशीचे नियम निराळे. थायलंडमध्ये कर सात टक्के. एका दुकानात एका दिवशी दोन हजार बाथची खरेदी झाली, की दुकानातूनच फॉर्म भरून घ्यायचा आणि बॅग देण्यापूर्वी कस्टमचा शिक्का. दुबईत कर पाच टक्के. फ्रान्समध्ये वीस टक्के, पण शंभर युरोंहून अधिक खरेदी लागते आणि मधला दलाल चांगला वाटा कापतो, त्यामुळं हातात येतात ते वीस नव्हेत. विलायतेला जाणाऱ्यांनी मात्र आशा ठेवू नये: उत्तर आयर्लंड सोडून ब्रिटननं ही सवलत २०२१ च्या प्रारंभापासून बंद केली. अमेरिकेत विक्रीकर राज्याराज्यांचा, आणि तो प्रवाशाला सहसा परत मिळत नाही. जपानमध्ये दुकानातच कर वजा करीत. तिथं १ नोव्हेंबर २०२६ पासून आधी कर भरून जाताना परत घेण्याची पद्धत ठरली आहे. नियम बदलत राहतात, तेव्हा निघण्यापूर्वी एकदा विचारून घ्या.

आणि एक गोष्ट कुणी मोकळेपणानं सांगत नाही, ती मी सांगते. तिकडचा कर परत मिळाला म्हणजे इकडचा चुकला असं नव्हे. घाटाच्या खालच्या टोकाला सुटलात, तरी वरच्या टोकाला रांजण आहेच! आपल्या विमानतळावर ठरावीक किमतीपर्यंतच माल बिनशुल्क आणता येतो. २०१६ च्या नियमांत ही मर्यादा पन्नास हजार रुपये होती; तुम्ही निघाल तेव्हाची मर्यादा पाहून घ्या. त्यावर असेल तर लाल मार्गिकेनं जाऊन सरळ सांगावं. दागिन्यांची वेगळी सूट वर्षाहून अधिक काळ परदेशी राहिलेल्यांसाठी असते, पंधरा दिवसांच्या सहलीसाठी नव्हे. कर परत मिळतो म्हणून नको ते घेऊ नका, हेही आलंच. नऊ रुपये वाचवायला शंभर खर्चणं हा काही संसारातला हिशेब नाही.

उन्हं उतरली तसे आम्ही निघालो. रांजणापाशी वन्सं पुन्हा थांबल्या. कमरेच्या पिशवीतून एक रुपया काढला, क्षणभर विचार केला आणि परत आत ठेवला. "आता जकात नाही," म्हणाल्या, आणि दोघी हसलो.

मागच्या महिन्यात त्या सिंगापूरला जाऊन आल्या. आल्या आल्या फोन केला. घड्याळ छान मिळालं, जावयांना आवडेल. कर किती परत मिळाला, ते मी विचारण्याआधीच त्यांनी सांगितलं, अगदी सेंटापर्यंत. मग म्हणाल्या, "वहिनी, ते पैसे पुरते दोन दिवसांच्या पेंडीचेही नाहीत हो. पण यंत्रात पासपोर्ट ठेवला आणि पडद्यावर माझं नाव आलं, माझं एकटीचं."

पावती त्यांनी तारेला ओवून ठेवली आहे. पासपोर्ट अजून त्यांच्याच पर्समध्ये आहे.