कानाने लावलेला चुना

चक्कर हा सार्वजनिक मालकीचा आजार आहे. मला ती आली आणि आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत निदानांची रांग लागली. तळमजल्याने पित्त ठरवले, पहिल्याने अशक्तपणा, दुसऱ्याने चष्मा. मला मात्र भीतीनेच धरले होते. कूस बदलणे, माळ्याकडे मान वर करणे, एकट्याने अप्परची बस पकडणे, सगळे बंद!

डॉक्टरांनी फिजिओथेरपीला धाडले. तिथल्या बाई म्हणाल्या, "काका, कानात चुनखडीचे बारीक कण असतात. ते जागा सोडून शेजारच्या अर्धगोल नळीत शिरले, की डोकं हलताच मेंदूला वाटतं, घर फिरलं."

म्हणजे कानानेच आम्हाला चुना लावला होता!

बाईंनी मला आडवे करून डोके ठरावीक क्रमाने वळवले. अमेरिकेतल्या डॉ. एप्ली यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेली ही युक्ती. छत गरगरले. बाई शांत. "आकडे मोजा, मिनिटभरात थांबेल." थांबले की हो! ती थांबते हे कळले, तिथेच निम्मी भीती उतरली.

"पण बोलताना जीभ अडखळली, हात लुळा पडला, तर माझ्याकडे नाही, थेट इस्पितळात," असा दमही मिळाला.

आता रोज संध्याकाळी मी चक्कर मारायला जातो. ती यायची वाट बघत घरी बसत नाही.