उकिरड्यावरची लोकर

घोंगडी पावसात भिजली की तिला मेंढराचा वास येतो. आजोळी, माणदेशात, आम्हा पोरांना त्या वासातच झोप लागायची. आजोबांची घोंगडी काळीभोर होती. रंगवलेली नव्हे, काळ्या मेंढराच्याच लोकरीची. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, स्वेटरच्या कामाची नाही; पण तिच्यातल्या तेलकटपणामुळे पाऊस वरच्यावर निथळून जातो. डोक्यावरून खोळ घेतलेला मेंढका भर सरीत कळपामागे उभा असायचा. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ याच मुलखातली.

त्या एका घोंगडीमागे किती हात असत! मेंढरं धुऊन वर्षातून दोनदा कातरायची. कोकराचं पहिलं जावळ वेगळं ठेवायचं, ते सगळ्यांत मऊ. मग पिंजण, मग बायांचं चरख्यावर सूत कातणं. ते सूत सनगराकडे किंवा खुटेकर धनगराकडे जायचं. आजोळच्या आळीत सकाळी लांबच लांब ताणा पसरलेला असायचा. चिंचोके भिजवून, कुटून, शिजवलेली खळ कुंच्यानं त्याला चोपडायची; तिच्यानं हातसूत ताठ होतं, मागावर तुटत नाही. ऊन आहे तोवर हे उरकायचं, म्हणून घरातलं लहानथोर कुणी रिकामं नसे. ताण्याखालून रांगत जायची आम्हाला सक्त मनाई होती.

आळी अजून आहे, माग गेले. आजोबांच्या माघारी त्यांच्या घोंगडीला कसर लागली. नवी विणून घ्यावी म्हणून विचारायला गेलो, तर विणणाऱ्याचा मुलगा पुण्याला कंपनीत, आणि त्या घरात सूत कातणारं कुणी उरलेलं नाही.

पानिपतच्या स्वस्त ब्लँकेटांनी घोंगडी मारली, असं लोक म्हणतात. खरं आहे, पण घाव त्याहून खोल, थेट मेंढरापर्यंत गेला आहे. लोकरीला भाव नाही, मटणाला आहे. म्हणून कळपात अंगानं थोराड माडग्याळ मेंढरू आलं. त्याच्या अंगावर लोकर नावालाच. धनगराला दोष कुठल्या तोंडानं द्यायचा? चराऊ रानं आक्रसत गेली, पोट मात्र तेवढंच राहिलं. जिथं दख्खनी मेंढी टिकून आहे तिथंही अनेकदा लोकरीतून कातरणाऱ्याची मजुरी सुटत नाही. कातरावं तर लागतंच, जनावराला उन्हाळा सोसत नाही. मग ती लोकर बांधावर नाहीतर उकिरड्यावर पडते. मला सगळ्यांत लागतं ते हे. पट्टणकोडोलीच्या यात्रेत विठ्ठल-बिरदेवावर आजही भंडाऱ्याबरोबर लोकर उधळतात. देवाला चालते ती वस्तू, आणि बाजारात तिला कुणी विचारत नाही.

पंढरपूरला किंवा म्हसवडला घोंगडी घ्याल तेव्हा एक धागा ओढून जाळून पाहा. केस जळल्याचा वास आला तर लोकर. वितळून कडक गोळी झाली तर ते कारखान्यातलं कृत्रिम सूत. लोकरीची निघाली तर घासाघीस करू नका, आणि ही कुणी विणली, सूत कुणी कातलं, ते विचारा. नवी घोंगडी अंगाला टोचते. टोचू द्या, वापरानं ती मऊ पडते. पण घ्या, विणणारे हात आहेत तोवर घ्या.