दहा अंशांचा काटा

म्हैसूरच्या कुवेंपुनगरातल्या त्या घराचा तळमजला उंच आहे. खालून पहिल्या मजल्यापर्यंत ३.६ मीटर आणि तिथून दुसऱ्यापर्यंत २.९. दिवाणखान्याला उंची हवीच, त्यात काही चुकलेलं नाही. पण लिफ्टच्या दारावर पितळेची अर्धगोल तबकडी बसवायची ठरली, की हा फरक डोळ्यांत खुपतो. काटा केबिनला तारेने बांधलेला असेल, तर पहिला मजला तबकडीच्या माथ्यावर येतच नाही. दहा अंश पलीकडे कलतो. तीन मजल्यांच्या घराची तबकडी आधीच रिकामी, त्यात मधला आकडा वाकडा.

बाकीचं जमत गेलं. गुडघ्यांनी हैराण झालेल्या बाईंनी ललिता महालातल्या जुन्या लिफ्टचा फोटो पुढे ठेवला आणि ‘असं काहीतरी’ म्हणाल्या. तो महाल १९२१ चा, वास्तुकार मुंबईचे ई. डब्ल्यू. फ्रिचली, म्हणजे नक्कल करायला लाज वाटावी असं काही नव्हतं. केबिनला शिसवी, जाळीमागे काच. म्हैसूरच्या जडावकामात पूर्वी हस्तिदंत असे, ते बंद झालं ते बरंच झालं. फणसाचं पिवळं लाकूड शिसवीत जास्त शोभतं. दसऱ्याचा हत्ती मात्र मी बसवू दिला नाही.

हल्ली ‘अँटिक’ लिफ्ट विकणारे बरेच झालेत. सोनेरी लेपाचं स्टील, लाकडाचा छाप मारलेला सनमायका आणि काट्याचं चित्र दाखवणारा स्क्रीन. त्या सोन्यावर दहा वर्षांनीही डाग पडणार नाही, हीच माझी तक्रार.

माझ्याकडे निपाणीचा एक मुलगा शिकायला आला आहे, इलेक्ट्रॉनिक्सवाला. तो म्हणाला, ‘काका, काट्याला छोटी मोटर लावू. केबिन कुठे आहे ते एन्कोडर सांगेल. खालच्या टप्प्याला नव्वद अंश, वरच्याला नव्वद. एक बरोबर मधोमध.’ संध्याकाळपर्यंत त्याने टेबलावर करूनही दाखवलं. काटा सुंदर फिरला. मला राग आला.

कारण तारेवर मी किती जीव टाकला होता! साडेसहा मीटरची चाल पंधरा सेंटिमीटर त्रिज्येच्या तबकडीवर जेमतेम ४७ सेंटिमीटरच्या कमानीत मावायची, म्हणजे सुमारे चौदापट आखडायची. गिअर आला की प्ले आला. खालून येताना काटा एके ठिकाणी थांबे, वरून येताना केसभर दुसरीकडे. शेवटी काट्याच्या आसाला एक वजन लोंबतं ठेवलं. दाते कायम एकाच बाजूने टेकून राहिले, तेव्हा काटा ताळ्यावर आला. पोराचा काटा मात्र खाली हळू चालतो आणि वर घाई करतो. सेकंदाला पंधरा सेंटिमीटर सरकणाऱ्या लिफ्टमध्ये हे कुणाच्या लक्षात येणार? माझ्या येतं.

त्याच रात्री मी एक पुली काढली, शंखासारखी, अर्ध्या भागात मोठ्या त्रिज्येची. ती लावली की तारेचा काटाही खाली हळू, वर जलद, एक मधोमध. म्हणजे लबाडी तीच. पितळेने केली की ती मला कारागिरी वाटते आणि प्रोग्रामने केली की फसवणूक. या अहंकाराला माझ्याकडे काही उत्तर नाही. तबकडीच्या मागच्या बाजूला, जिथे कुणी बघणार नाही, तिथे माझं नाव कोरायचंही मी केव्हाच ठरवलं आहे.

बाईंचे यजमान गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांनी सगळे काटे फिरवून पाहिले आणि विचारलं, ‘वीज गेली आणि केबिन हाताने खाली आणली, तर कोणता काटा बरोबर राहील?’ मी विजयाने तारेकडे बोट दाखवलं. तिरक्या आकड्याची तबकडी त्यांनी तिथेच पक्की केली. ‘एक जिथे आहे तिथेच दिसू दे,’ एवढंच म्हणाले.

‘छोटी बॅटरी लावली की मोटरचाही राहील, काका,’ पोरगा परतताना म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी त्याला तबकडी घासायला बसवलं.