पॉवर किती?

एअरगनचा विषय निघाला की समोरचा माणूस हमखास दोन प्रश्न विचारतो. पहिला, "लायसन लागतं का हो?" आणि दुसरा, "पॉवर किती?"

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे नळी ४.५ मिलिमीटरची असेल आणि छऱ्याची ऊर्जा २० ज्यूलच्या आत असेल, तर परवाना लागत नाही. त्यापुढे गेलात की लागतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला बरेच दिवस नीट देता येत नव्हतं. गेल्या वर्षभरात ते सापडलं, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या दापोलीकडच्या घरात बाबांची एक जुनी एअरगन आहे. नळी मधोमध मोडून छर्रा भरायची, ती. जर्मन 'डायना ३५' च्या धर्तीवर आपल्याकडे बनलेली. बाबा गेल्यावर ती माळ्यावर पडून होती. वहिनी म्हणाली, "भाऊजी, एकतर दुरुस्त करा, नाहीतर भंगारात द्या. घरात अर्धवट बंदूक नको." मुद्दा बिनतोड होता. शिवाय माझी तेरा वर्षांची पुतणी नेमबाजी शिकायचं म्हणत होती. म्हणून मी ती पुण्याला आणली.

आधी ही बंदूक चालते कशी ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. लोकांना वाटतं की स्प्रिंग छऱ्याला ढकलते. तसं नाही. नळी मोडताना एक दट्ट्या मागे जातो आणि त्यामागची जाड स्प्रिंग दाबली जाऊन अडकते. चाप ओढला की दट्ट्या सुटतो, पुढची हवा क्षणार्धात चेपतो आणि ती हवा छर्रा घेऊन बाहेर पडते. म्हणजे हा एक सायकलचा पंपच, फक्त फार घाईत असलेला. पंप म्हटला की वायसर आलाच. ज्यांनी लहानपणी रॉकेलच्या स्टोव्हला पंप मारलाय त्यांना तो चामड्याचा, वाटीसारखा वायसर आठवत असेल. तो सुकला की पंप नुसता फुसफुसतो. मग आई त्याला तेल लावून बोटांनी वाटी जरा फुलवायची आणि स्टोव्ह पुन्हा भरभरायला लागायचा. बाबांच्या बंदुकीत नेमका तोच वायसर होता आणि तो सुकून पापडासारखा झाला होता.

बंदूक उघडणं हे या कामातलं सगळ्यात जोखमीचं काम. स्प्रिंग आत बसवतानाच थोडी दाबलेली असते. बंदूक भरलेली नसली तरी मागची पिन काढली की ती सुटते, आणि समोर तोंड असेल तर दात गेलेच समजा. मी सुताराचा लांब शिकंजा लावला, डोळ्यांवर चष्मा चढवला, मागचा भाग शिकंज्यात धरून पिन काढली आणि मग शिकंजा एकेक आटा सैल करत आणला. हे ज्यांना जमणार नसेल त्यांनी सरळ जाणत्या माणसाकडे जावं. यात कमीपणा काही नाही.

वायसर आमच्या कोपऱ्यावर बसणाऱ्या चपला शिवणाऱ्या कारागिरांनी करून दिला. चामडं पाण्यात भिजवून मऊ करायचं, साच्यात दाबून वाटीचा आकार द्यायचा, सावलीत सुकवायचं आणि मग तेलात मुरवायचं. पैसे विचारले तर म्हणाले, "चाळीस वर्षांनी कुणी हे काम आणलं, काय पैसे घेऊ?" बळंच दिले.

तेलाचीही एक गंमत आहे. चामड्याला तेल हवं, पण ते बेताचं. जास्त झालं की दट्ट्या हवा चेपतो तेव्हा ती इतकी तापते की तेलाचा भपका पेट घेतो. डिझेल इंजिनात ठिणगीशिवाय इंधन पेटतं, तेच तत्त्व. मोठा आवाज होतो, नळीतून धूर येतो आणि बघणारे खूष होतात. "क्या पॉवर है!" प्रत्यक्षात वायसर जळत असतो, स्प्रिंगला झटके बसत असतात आणि प्रत्येक छर्रा वेगळ्या वेगाने जात असतो. छर्रा न घालता चाप ओढणंही असंच वाईट. पुढे हवेची गादी तयार होत नाही आणि दट्ट्या थेट लोखंडावर आदळतो.

स्प्रिंग विकत घ्यायला रविवार पेठेत बोहरी आळीत गेलो. दुकानदाराने दोन स्प्रिंगा समोर ठेवल्या. एक जुनीच्या जाडीची, दुसरी चांगलीच जाड. "साहेब, ही घ्या. डबल पॉवर." मी पहिली घेतली. तो जरा हिरमुसला.

खरं तर मोजून बघितल्याशिवाय डबल काय आणि सिंगल काय! मोजायचं यंत्र महाग असतं, पण त्यावर एक जुना उपाय आहे. बेंजामिन रॉबिन्स नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १७४२ साली तोफाबंदुकांवरच्या पुस्तकात तो मांडला होता. जड लोलक टांगायचा, त्यात गोळी मारायची आणि लोलक किती हलला यावरून गोळीचा वेग काढायचा. मी एका डब्यात घट्ट कणीक भरली, एकूण वजन २५० ग्रॅम, आणि तो चार दोऱ्यांनी एक मीटर खाली टांगला. दहा छर्रे ओळखीच्या सोनाराकडे काट्यावर टाकले, ५ ग्रॅम भरले. म्हणजे एक छर्रा अर्ध्या ग्रॅमचा. बंदुकीतून येणाऱ्या हवेने डबा हलू नये म्हणून मध्ये भोक पाडलेला पुठ्ठा उभा केला आणि दोन मीटरवरून छर्रे मारले.

जुन्या वायसरवर डबा कधी ५ सेंटिमीटर हलायचा, कधी ८. नवा वायसर, नवी स्प्रिंग आणि नळीच्या सांध्यात नवी रबरी कडी घातल्यावर दर वेळी साडेनऊच्या आसपास. गणित केलं तर छऱ्याचा वेग सेकंदाला साधारण १५० मीटर, आणि ऊर्जा साडेपाच ज्यूल. कणीक अर्थातच फेकून दिली, शिशाचे छर्रे होते त्यात. छरे हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे, हा पुतणीला शिकवलेला पहिला नियम.

साडेपाच ज्यूल ऐकून मित्र हसला. "एवढीच?" मग त्याला सांगितलं, जर्मनीत परवान्याशिवाय ज्या एअरगन मिळतात त्यांची मर्यादा साडेसात ज्यूल आहे. स्पर्धेतल्या १० मीटर रायफली साधारण तेवढ्यातच काम भागवतात. त्या अंतरावर दहा गुणांचा जो ठिपका असतो त्याचा व्यास अर्धा मिलिमीटर. पेनने टेकवलेला पूर्णविराम म्हणा ना! २००० साली सिडनीत अंजली भागवत याच प्रकारात अंतिम फेरीत पोचली, २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्राने याच प्रकारात सुवर्ण मिळवलं, आणि २०२२ साली ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील याच प्रकारात जगज्जेता झाला. यातल्या कुणाचंही पॉवरवाचून अडलं नाही.

उलट आमच्या बंदुकीत मी ज्या सुधारणा केल्या त्या सगळ्या काहीतरी कमी करणाऱ्या होत्या. दस्त्याचे स्क्रू धक्क्यांनी ढिले होतात, ते आवळून डगमग कमी केली. नळीच्या बिजागरीचा बोल्ट घट्ट करून ती दर वेळी त्याच जागी बसेल असं केलं. स्प्रिंग आत थरथरायची, म्हणून जाड ग्रीसचा पातळ हात फिरवला. चाप जड होता, पण त्याच्या खाचेला कानस लावली नाही. ती खाच एकदा झिजवली की बंदूक आपल्या मनाने सुटू शकते. नुसती साफ केली, वंगण दिलं, तेवढ्याने पुष्कळ फरक पडला. बाबांचा दस्ता पुतणीला लांब होत होता. तो कापायला हात होईना. गावच्या सुतारांकडून फणसाच्या लाकडाचा दीड इंच आखूड दस्ता करून घेतला. बाबांचा तसाच जपून ठेवलाय.

अशा बंदुकीला घट्ट आवळून धरायचं नसतं, हेही पुतणीला तेव्हाच शिकवलं. छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आतच ती आधी मागे आणि मग पुढे झटका देते. आवळलीत तर दर वेळी वेगळी उडी मारते. तळहातावर नुसती ठेवली तर दर वेळी सारखीच मारते. आमचे छर्रे आधी बशीएवढ्या जागेत पसरायचे, आता दहा मीटरवर दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या जागेत येतात.

इथवर सगळं छान होतं. मे महिन्यात बंदूक गावी नेली आणि शेजारचे काका आले.

काकांची नारळाची नि आंब्याची बाग आहे आणि माकडांनी त्यांना अक्षरशः रडवलंय. कोवळे नारळ तोडून टाकतात, आंबे अर्धे खाऊन फेकतात. फटाके झाले, बुजगावणी झाली, कुत्रा झाला. चार दिवस फरक पडतो, मग माकडं शहाणी होतात. काका म्हणाले, "तू आता यातला जाणता झालास. एक दांडगी स्प्रिंग घालून दे. बाबा असते तर दिली असती."

बाबांनी काय केलं असतं ते मला ठाऊक नाही. पण त्या साडेपाच ज्यूलचं काय होतं ते मी त्या कणकेत बघितलं होतं. दुप्पट केले तरी अर्ध्या ग्रॅमच्या छऱ्याने माकड मरत नाही. छर्रा कातडीखाली रुततो, जखम चिघळते आणि ते जनावर कुठेतरी झाडीत आठवडाभर कुजत मरतं. बाग वाचत नाहीच, कारण कळप दुसऱ्या दिवशी हजर असतो. आणि त्याच वाडीत पोरं खेळतात. दगडावरून उडालेला छर्रा माकड आणि पोर यांत फरक करत नाही.

मी म्हटलं, "काका, ते मी करणार नाही. बागेच्या राखणीचा खर्च वाटून घेऊ, मी माझा वाटा देतो."

काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "शहरात राहून बोलायला सोपं असतं." त्यांचं नुकसान खरं होतं आणि हे वाक्यही पूर्ण खोटं नव्हतं, म्हणूनच ते लागलं. राखणीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. गणपतीत आरतीला आले, प्रसाद घेतला, पण ओटीवर टेकले नाहीत. पूर्वी तासभर बसायचे.

तरी स्प्रिंग तीच राहिली आहे. बंदूक कुलपात, छर्रे वेगळ्या कुलपात, दोन्ही किल्ल्या वहिनीकडे. पुतणी सुटीत परसात लाकडी खोक्यात गच्च गोधड्या कोंबून त्यावर कागद लावते आणि रोज चाळीस छर्रे मारते, एकही जास्त नाही. परवा तिच्या मैत्रिणीने तिला विचारलं, "पॉवर किती आहे गं हिची?"

ती म्हणाली, "कागदाला पुरेल एवढी."

मला हवं होतं ते उत्तर हेच.