चौघांचा कारभारी

हट्ट्याच्या एका घरात टीव्हीखालच्या फळीवर हा बसलेला असतो. काळ्या पत्र्याचं अंग, समोर चार बटणं, सोबत रिमोट, पाठीवर लाल-पांढरी सॉकेटं. टीव्ही, रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि मोबाईलचं ब्लूटूथ, चौघांनाही बोलायचं असतं. ॲम्प्लिफायरला कान एकच. मध्ये हा ऑडिओ सिलेक्टर, एका वेळी एकालाच आत सोडणारा. घरातल्या थोरल्या पोरानं स्वतः सोल्डरिंग करून त्याला जोडलाय.

डोकं एटीमेगा 328पी चिपचं, आर्डुइनो उनोवर असते तीच. हुशार, पण अंगात जोर नाही. आवाजाची वाट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या 5 व्होल्टच्या रिलेला साधारण 70 मिलिअँपिअर लागतात आणि हिच्या एका पायातून 20च्या वर मागू नयेत. म्हणून ती नुसती खूण करते, ओझं ट्रान्झिस्टर उचलतो. रिले सुटताना कॉइल उलटा झटका मारते. तो झेलायला शेजारी डायोड. डायोड विसरलात तर ट्रान्झिस्टर गेलाच म्हणून समजा.

शिस्त मात्र कडक. आबा म्हणतात, "परभणी लाव रे." बटण दाबलं तरी हा लगेच रेडिओवरची परभणी आकाशवाणी लावत नाही. आधी म्यूटचा रिले लावून स्पीकरकडची वाट बंद करतो. मग टीव्हीला सोडतो, क्षणभर थांबतो, रेडिओला ओढतो आणि शेवटी वाट उघडतो. दोघांना एकदम आत घेणं त्याला खपत नाही. स्पीकरमधून 'फट्' येत नाही. येते ती त्याच्या पोटातली टिक्-टिक्, आणि तीच त्याची ऐट. 4052सारखी चिप हेच काम गुपचूप करते, पण तिथं आवाज सिलिकॉनमधून जातो. रिलेत धातूला धातू टेकतो, बाकी मध्ये कुणी नाही. मला रिलेवालाच आवडतो.

लाइट गेली तर रुसत नाही. आल्यावर दोनेक सेकंद गप्प राहतो, ॲम्प्लिफायर स्थिरावू देतो आणि मघाचंच लावतो. शेवटी कोण बोलत होतं, एवढंच त्याच्या ईईपीरॉममध्ये लिहिलेलं असतं: 1,024 बाइटांच्या वहीत एका बाइटाची नोंद.

खोड एकच, तोंडाळपणा. चिपचं 16 मेगाहर्ट्झचं घड्याळ सतत चालू राहिलं तर मिडियम वेव्हवर 1305 किलोहर्ट्झच्या परभणीत खरखर उतरते. मोबाईलच्या चार्जरवर चालवलं तर विचारूच नका. म्हणून त्याला ट्रान्सफॉर्मर आणि 7805चा साधा पुरवठा दिलाय, आणि काम झालं की चिपनं झोपायचं, असं प्रोग्रॅममध्येच लिहिलंय. त्यामुळे रिमोटची पहिली हाक त्याला उठवण्यात जाते, काम दुसऱ्या हाकेला होतं. आबाही दुसऱ्या हाकेलाच ओ देतात, तेव्हा घरात त्याबद्दल कुणाची तक्रार नाही.